फी माफ झाली, मजुरीचं काय?

(वाटूर, जि. जालना येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



मोफत प्रोग्रामिंग शाळेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. फी नाही, लॅपटॉप मिळतो, वर विद्यावेतनही, मग मुलं मधेच गळतात कशी? लोकांचं उत्तर तयार असतं : फुकटाची किंमत नसते. मला ते पटत नाही.

आपल्या वाटूरचाच हिशोब करा. आधी सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. त्या दिवसांत घरातला प्रत्येक हात मजुरी आणतो. फाट्यावरच्या गॅरेजात काम शिकणारा मुलगाही घरी चार पैसे देतो. त्याची फी माफ केली, तरी वर्गात बसण्याची किंमत त्याचं घर मोजतंच. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. एवढ्या मुलांना आळशी ठरवून आपण मोकळे होणार का?

हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पण मुलं फक्त घेणारी राहिली नाहीत. ‘कमवा आणि शिका’मुळे त्यांचे स्वतःचे कष्टही त्या शिक्षणात होते. २०१६ मध्ये सुरू झालेलं नवगुरुकुल राहणं, जेवण, शिक्षण मोफत देतं, आणि तिथला बराचसा कारभार विद्यार्थीच बघतात. पॅरिसमध्ये २०१३ साली निघालेल्या ‘फोर्टी टू’ या मोफत शाळेत विद्यार्थीच एकमेकांचं काम तपासतात. सूत्र एकच : ज्याला दिलं, त्याच्यावर भरवसाही टाकला.

म्हणून आपल्याकडे कुणी अशी शाळा काढणार असेल, तर माझं सांगणं असं.

विद्यावेतन ठरल्या तारखेला द्या. दोनदा उशीर झाला की आई म्हणणार, "चल बाबा, कामावर." ते हजेरी आणि मेहनतीवर द्या, गुणांवर नको. चुकायला घाबरणारा मुलगा प्रोग्रामिंग शिकूच शकत नाही, कारण या कामात दिवसभर चुकाच दुरुस्त करायच्या असतात. नुसत्या विद्यावेतनासाठी येऊन बसणारेही असतील. त्यांना पैसे कापायची धमकी देऊ नका. दर आठवड्याला केलेलं काम सगळ्यांना दाखवायला लावा.

वेचणीच्या दिवसांत ठरवून सुट्टी द्या आणि जागा राखून ठेवा. मुलींचा वर्ग मगरिबच्या आधी सुटू द्या.

पहिला प्रोग्राम घराच्या उपयोगाचा असू द्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. रोज किती किलो कापूस वेचला, किती पैसे झाले, किती उचल कापली, हे मुलीने मोबाइलवर मांडून दाखवलं, तर आई पुढच्या महिन्यात तिला वर्गातून काढायला दहादा विचार करेल. इंग्रजी एररची धास्ती असेल, तर वर्गाची एक वही ठेवा : एरर काय आला, मराठीत अर्थ काय, कसा सुटला. ती वही पुढच्या तुकडीला द्या.

लॅपटॉप देताना फोटो काढू नका. आपल्यात उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. आपण ते गावभर व्हॉट्सअॅपवर फिरवतो. मिंधेपणाने मान खाली गेलेलं पोर प्रश्न विचारत नाही.

पैशाचं म्हणाल, तर रमजानमध्ये आपण जकात काढतोच, मालाचा चाळिसावा हिस्सा. त्यातला काही भाग हकदार विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाला जाऊ द्या. सदका आणि इतर देणगी कुणालाही देता येते. ती शेजारच्या हिंदू, बौद्ध मुलांसाठी वापरा. वर्ग सगळ्यांचाच असला पाहिजे.

आणि लाखांच्या पगाराचं आमिष दाखवू नका. आता यंत्रही कोड लिहितं, नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही. विचार करायची सवय आणि आपलं काम नीट मांडायची हिंमत, एवढं मात्र देता येतं.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांना थोडंफार येतं, त्यांनी या आठवड्यात एकाला शिकवायला घ्या. त्याच्या घरी जा आणि आधी विचारा, तो कामावर गेला नाही तर घरात काय अडतं.