अँग्युलर-जेएस : गुण आणि दोष

संकेतस्थळाच्या पानावर नांव लिहिण्याचा एक रकाना आहे आणि वर स्वागताच्या ओळींत तेंच नांव उमटावयाचें आहे. पूर्वीं एवढ्याहि कामासाठीं जावास्क्रिप्टच्या बऱ्याच ओळी लिहाव्या लागत. २००९ सालीं मिश्को हेवेरी व अ‍ॅडम अ‍ॅब्रन्स यांनीं आरंभिलेल्या आणि पुढें गूगलनें जोपासलेल्या अँग्युलर-जेएस या फ्रेमवर्कनें हा खटाटोप संपविला. रकाना बदलला कीं माहिती बदले. माहिती बदलली कीं ब्राउझरमधील पान बदले. हा त्याचा मोठा गुण.

परंतु याच सोयीच्या पोटीं दोष होता. नेमकें काय बदललें हें त्यास कळत नसे; म्हणून तें पाळतीवरील प्रत्येक मूल्य जुन्याशीं ताडून पाही, आणि फरक आढळल्यास पुन्हां पहिल्यापासून आरंभ करी. दहा फेऱ्यांतहि स्थैर्य न आल्यास चूक दाखवून थांबे. लहान पानास हें जाणवत नसे. हजारों मूल्यांचें पान मात्र अडखळे.

२०१६ सालीं निघालेली दुसरी आवृत्ति मुळापासून नवी होती. जुनें लेखन तींत जसेंच्या तसें चालेना. ३१ डिसेंबर २०२१ नंतर गूगलनें जुन्या आवृत्तीची देखभालहि थांबविली. तिच्यावर ज्यांनीं इमले रचिले होते, त्यांस ते पुन्हां बांधणें किंवा डागडुजीवांचून ठेवणें भाग पडलें. साधन आज किती श्रम वांचवितें, याबरोबरच उद्यां तें सोडतांना किती श्रम पडतील, हाहि हिशेब सुज्ञानें आधींच मांडावा.