वाफ कुणाची, वीज कुणाची

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे.)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. कविता खिशात आहे, राहू द्या. आज एका वीजकेंद्राबद्दल बोलतो. ते इंग्लंडातलं आहे. पण त्याचा मालक आपल्या कोकणात येऊन गेलाय. एन्रॉन. घरातल्या म्हाताऱ्यांसमोर नाव काढून बघा, अजून शिवी निघते.

इंग्लंडच्या ईशान्येला टीज नावाची नदी समुद्राला मिळते. त्या काठाला टीसाइड म्हणतात. गोदी, पोलाद, रसायनं, सगळा कामगारांचा मुलूख. तिथं विल्टनला आयसीआय या कंपनीचे रसायनांचे कारखाने होते. त्याला लागून १९९३ साली एन्रॉनने १,८७५ मेगावॅटचं गॅसवरचं केंद्र सुरू केलं. उत्तर समुद्रातला गॅस नळाने यायचा, वीज तारेत जायची आणि वाफ शेजारच्या कारखान्याला. वीज आणि उष्णता एकाच चुलीवर.

ही चूल समजून घ्या. मी मॅट्रिक झालेला माणूस, मला समजली म्हणजे तुम्हालाही समजेल. गॅस जाळला की तापलेली हवा जोरात सुटते आणि टर्बाइन फिरवते. फिरवून बाहेर पडते तेव्हाही ती पाचशे-सहाशे अंश तापलेली असते. साध्या केंद्रात ती धुराड्यातून आभाळात. शहाणा माणूस ती बॉयलरमध्ये घेतो, पाण्याची वाफ करतो, वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवतो. आणखी शहाणा असेल तर उरलेली वाफ शेजारच्या कारखान्याला विकतो. जुन्या औष्णिक केंद्रात शंभर रुपयांच्या इंधनातले साठ-पासष्ट वाया जातात. वाफही विकली तर सत्तर-ऐंशी कामाला येतात. आपल्या आया भाकरी झाल्यावर त्याच विस्तवावर अंघोळीचं पाणी ठेवतात, तेच हे शास्त्र. यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्र उत्तम आहे.

भांडण मालकीशी आहे.

थॅचरबाईच्या सरकारने १९९० साली इंग्लंडची सरकारी वीज विकायला काढली. त्याच दारातून अमेरिकेची एन्रॉन आत शिरली. टीसाइडमध्ये निम्मी मालकी तिची, तिच्यासोबत वीज वाटणाऱ्या चार प्रादेशिक कंपन्या. तेव्हा ऊर्जामंत्री होते जॉन वेकहॅम. केंद्राला मंजुरी त्यांच्या खात्याने दिली. १९९४ साली हेच वेकहॅम एन्रॉनच्या संचालक मंडळावर जाऊन बसले, हिशेब तपासणाऱ्या समितीवर! आपल्याकडे असं झालं की साहेब लोक म्हणतात, हा देशच तसला. इंग्लंडातही तसलाच आहे, फक्त कोट इस्त्रीचा असतो.

आता खरी गोम. या धंद्यात एक कलम असतं : माल घ्या, नाहीतर पैसे मोजा. १९९३ साली एन्रॉनने उत्तर समुद्रातल्या जे-ब्लॉकचा गॅस या कलमावर घेतला. पुढं गॅसचा बाजारभाव कोसळला. गॅस नको, आणि पैसे तर मोजायचे. मग तिने काय केलं? करार मोडून नव्याने बांधला, १९९७ साली सुमारे ४४ कोटी डॉलर भरले आणि मान सोडवून घेतली. तिच्या गळ्याशी आलं तेव्हा करार हा कागद होता.

आणि तेच कलम तिने आपल्या गळ्यात घातलं तेव्हा?

टीसाइडचा नावलौकिक घेऊन ती १९९२ साली महाराष्ट्रात आली. नाव दाभोळ, पण जागा वाशिष्ठी खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. जून १९९२ मध्ये समझोता, डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार. शरद पवार मुख्यमंत्री. ऐंशी टक्के मालकी एन्रॉनची, दहा-दहा जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलची. जागतिक बँकेसारख्या सावकारानेसुद्धा १९९३ सालीच सांगितलं होतं, हा व्यवहार परवडणारा नाही. मंडळाने वीज उचलो न उचलो, केंद्र तयार उभं आहे याचे पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या हिशेबाने. वर राज्याची हमी, त्यावर केंद्राची प्रतिहमी.

१९९५ साली गोपीनाथ मुंडे एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवणार होते. ऑगस्टमध्ये युतीने करार रद्द केला आणि जानेवारी १९९६ पर्यंत नवा ठरवला, प्रकल्प आधीपेक्षा मोठा. मेमध्ये दिल्लीतल्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्का मारला. पुढं वीज मंडळालाही भागीदार करून घेतलं. ज्याच्याकडून वसूल करायचं तोच मालकांच्या पंगतीत, पत्रावळीच्या कडेला!

विल्टनला शेजारी आयसीआय होती, तिला वाफ मिळाली. अंजनवेलला शेजारी वेलदूरचे कोळी. त्यांनी विचारलं, तुमचं गरम पाणी आमच्या माशांवर सोडणार का? ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले. बायांना झोपेतून ओढून काढलं, मारलं, त्यात एक गरोदर होती. बंदोबस्ताच्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात छापून आलंय. लाठी सरकारची, पगार कंपनीचा. मालकी म्हणजे काय, हे वेलदूरच्या बायांना आपल्या आधी कळलं.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, तीही नाफ्था जाळून, आणि इतकी महाग की २००१ च्या मे महिन्यात मंडळाने घेणं थांबवलं. केंद्र बंद पडलं. ऑगस्ट २००१ मध्ये तिकडे टीसाइडला स्फोट झाला, तीन कामगार मेले. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळं काढलं. टीसाइड पुढं हातोहात फिरलं, शेवटी जीडीएफ सुएझ या फ्रेंच कंपनीकडे होतं, २०१३ साली बंद झालं, मग पाडलं. वीस वर्षं. एवढी चांगली चूल, वीस वर्षांत भंगार.

मी गोदीत ठेकेदाराकडे आहे. जहाज लागलं तर दाम. नाही लागलं तर गेटवर चहा पिऊन घरी. मी तयार उभा असतो, हातपाय शाबूत, पण माझ्या तयार उभं राहण्याचे पैसे कुणी देत नाही. १९४८ च्या कायद्याखाली नोंदलेल्या गोदी कामगाराला काम नसलेल्या दिवसाचाही हजेरीभत्ता मिळायचा. तेव्हा शहाणे ओरडायचे, बसून खातात! दाभोळचं टर्बाइन बसून खात होतं तेव्हा त्याला म्हणाले क्षमता आकार. लोखंडाला हजेरी आहे, माणसाला नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीज त्यांच्याच खात्यात. १९४३ साली वीज धोरण समितीपुढं त्यांनी पहिला प्रश्न हाच काढला : वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? त्यांना ती स्वस्त हवी होती, मुबलक हवी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असं सरळ लिहून दिलं. आपण त्यांचा फोटो लावतो, लायटिंग करतो. त्या लायटिंगच्या विजेबद्दल ते काय म्हणाले, ते वाचत नाही.

पण सरकारी झालं की संपलं, असंही मी म्हणणार नाही. दाभोळ २००५ साली सरकारी झालं. एनटीपीसी, गेल, वीज मंडळ आणि बँका मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर, १,९६७ मेगावॅट. ज्या बँकांचे पैसे अडकले होते त्या आपल्याच, म्हणजे बुडीत खातं जनतेचं. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ साली केंद्र पुन्हा थंड. २०१५ पासून काही वर्षं रेल्वेसाठी सुमारे ५०० मेगावॅट दिले. द्रवरूप गॅसची जेट्टी २०१३ साली चालू झाली तेव्हा लाटा अडवणारा बांध अर्धवट. कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथं जहाज लागत नव्हतं. उघड्या दर्यावर जहाज बांधायचं म्हणजे काय, हे गोदीतलं पोरगंही सांगेल. पण ते कुठल्या समितीवर असतं?

तर पुढल्या रविवारी प्रत्येकाने घरचं वीजबिल आणा. त्यात 'स्थिर आकार' नावाची ओळ असते. दिवा लावा न लावा, ती भरावी लागते. कुणाच्या घरी किती, आणि पाच वर्षांपूर्वी किती होती, एवढं काढायचं. जुनी बिलं डाळीच्या डब्याखाली किंवा देवाच्या फोटोमागे सापडतील. ज्यांच्याकडे मीटरच नाही, शेजाऱ्याकडून वायर ओढलीय, त्यांनी शेजारी महिन्याला किती घेतो ते लिहून आणा.