जुना कॅमेरा घेताना काय बघावं



सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी जबडा उघडून दात बघतो, मग घोडा चालवून बघतो आणि त्यानंतर पैशाचं बोलतो. झूल बघून कोणी नोटा मोजत नाही. जुन्या कॅमेऱ्याचंही तसंच आहे, फक्त त्याचे दात कुठे असतात हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं. आज तेवढंच सांगायचं आहे.

कॅमेरा कशाला, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या गटाला दोन कामं होती. पहिलं काम गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीचं. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या समितीने ही वही तयार करायची असते. त्यात मोर, बर्टी, भादीचे दाणे, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब यांचे जवळून काढलेले फोटो हवेत. पानाची मागची बाजू, देठावरची लव दिसली नाही तर सारख्या दिसणाऱ्या दोन भाज्या वेगळ्या ओळखायच्या कशा? दुसरं काम डोंगराचं. आपण राखलेल्या जंगलाचा उतार दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दगडावर उभं राहून टिपायचा, म्हणजे झाडं वाढली की कमी झाली ते कागदावर दाखवता येतं.

कोणी म्हणेल, आपला शब्द आहे ना, फोटो कशाला? त्यांना आपल्याच भागातली रानपिंगळ्याची गोष्ट सांगावी. हा छोटा घुबडासारखा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता. १९१४ साली मिळाला म्हणून एका इंग्रज संग्राहकाने एक नमुना दाखवला होता, पण तो दुसऱ्याचा जुना नमुना चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मग १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला जिवंत दिसला. तेव्हा आपला जिल्हा धुळ्यातच होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्यांनी त्याचे फोटो काढले, व्हिडिओ घेतला, आणि ११३ वर्षांचा वाद मिटला.

आता मोबाइलचं. प्रत्येकीकडे मोबाइल आहे, आणि बैठकीचा, पिकाचा, पापडाच्या पाकिटाचा फोटो त्यावर चांगला येतो. त्यासाठी कॅमेरा घेऊ नका. पण दोन मिलिमीटरचा दाणा आणि दूरचा अख्खा उतार, इथे मोबाइल कमी पडतो.

दुकानदार पहिला आकडा सांगतो तो मेगापिक्सेलचा. चोवीस, छत्तीस, पन्नास. आकडा मोठा तसा भाव मोठा. म्हणून हिशेब आपणच करून बघू. वहीच्या मोठ्या पानाएवढा, म्हणजे ए-फोर आकाराचा स्वच्छ छापील फोटो हवा असेल तर सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलमध्ये २० इंच लांब आणि १३ इंच उंच फोटो तितकाच स्वच्छ छापता येतो. ३६ मेगापिक्सेल घेतले तर लांबी होते साधारण साडेचोवीस इंच. एवढाच फरक. भिंतभर प्रदर्शन लावायचं असेल तर तो कामाचा, नोंदवहीसाठी नाही.

यातली खरी मजा बारीक दाण्यात आहे. मॅक्रो लेन्स म्हणजे अशी लेन्स, की दाणा जेवढा असेल तेवढीच त्याची प्रतिमा आतल्या सेन्सरवर पडते. निकॉन डी ७२०० हा २०१५ चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेलचा, त्याचा सेन्सर लहान, साडेतेवीस मिलिमीटर रुंद. निकॉन डी ८१० हा २०१४ चा, ३६ मेगापिक्सेलचा, त्याचा सेन्सर मोठा, सुमारे ३६ मिलिमीटर रुंद. दोन मिलिमीटरच्या दाण्यावर डी ७२०० चे जवळपास ५१० ठिपके बसतात, आणि त्या महाग डी ८१० चे ४१०. कारण मोठ्या सेन्सरवर ठिपके दूर दूर पसरलेले असतात. आमच्या गटातल्या दोघींनी हा हिशेब दोनदा करून बघितला, तेव्हा त्यांना पटलं. दाण्यासाठी कमी मेगापिक्सेलचा कॅमेराच जास्त बारीक दाखवतो. डोंगरासाठी मात्र डी ८१० सरस आहे, हे कबूल. पण तिथेही पैसे न घालता सोय आहे. स्टँडवर कॅमेरा उभा लावून डावीकडून उजवीकडे तीन-चार फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येऊ द्यायचा, आणि संगणकावर हगिन नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ते जोडायचे.

म्हणून आमचं म्हणणं असं की पैशाचे दोन वाटे करा. निम्मे बॉडीला, निम्मे मॅक्रो लेन्स, मजबूत स्टँड, कार्ड आणि जादा बॅटरीला. बहुतेक जण सगळे पैसे बॉडीत घालतात आणि शेवटी डुगडुगणारं स्टँड घेतात. वाऱ्यात ते हललं की छत्तीस असो की पन्नास, फोटो धूसरच. डी ७२०० मध्ये फोकसची मोटर बॉडीतच आहे, त्यामुळे निकॉनसाठीच्या जुन्या, बिनमोटरच्या मॅक्रो लेन्सही त्यावर आपोआप फोकस करतात. डी ५३०० सारख्या हलक्या बॉडीत ती मोटर नसते. आणखी एक गोष्ट आम्हाला पटली. डी ७२०० मध्ये जीपीएस नाही, म्हणजे फोटोत जागेचा पत्ता आपोआप लिहिला जात नाही. मोबाइलमध्ये लिहिला जाऊ शकतो. दुर्मिळ औषधी मुळीची जागा वहीत राहावी, फोटोबरोबर गावभर फिरू नये.

आता दात बघू. पहिला दात शटरचा. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले हा आकडा निकॉनच्या फोटो-फाइलमध्येच लिहिलेला असतो, आणि शटर काउंट दाखवणाऱ्या फुकट वेबसाइटवर तो वाचता येतो. विकणाऱ्याकडून आजच काढलेला फोटो मागा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर हा आकडा पुसला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. डी ७२०० चं शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. ४०-५० हजार झाले असतील तर घोडा तरणा. सव्वा लाख झाले असतील तर भाव पाडून मागा, नाहीतर सोडा. आणि आकडा दाखवायलाच कोणी टाळाटाळ करत असेल तर उठून या.

दुसरा दात सेन्सरचा. लेन्सचं तोंड एफ १६ किंवा एफ २२ वर बारीक करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो घ्यायचा आणि तो मोठा करून बघायचा. काळपट ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. पण रेघ दिसली, ओरखडा दिसला, तर तो कॅमेरा घरी आणायचा नाही.

तिसरा दात लेन्सचा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे हाच सगळ्यात महत्त्वाचा. लेन्स काढून हातात घ्या, मागून तिरकी टॉर्च मारा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्सची बुरशी काचेच्या थरात जाते. एखाददोन धुळीचे कण चालतील, धागे नाही. आतल्या पाती फटाफट उघडमीट होतात का, त्यांवर तेल आलंय का, तेही बघा. पुढची कडा चेपलेली असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

बाकीचं पटकन सांगतो. प्रत्येक बटण दाबून बघा. दोन्ही कार्डाच्या खाचांत कार्ड घालून वीस-पंचवीस फोटो सलग काढा. बॉडीच्या तळाचा नंबर बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. जुळत नसेल तर तो माल चोरीचा असू शकतो. हातात घेऊन तपासल्याशिवाय फोनवरून एक रुपयाही ॲडव्हान्स पाठवू नका, मग विकणारा कितीही घाई करो. नंदुरबारहून रेल्वेने सुरत गाठता येतं, तिथे दोघी-तिघी मिळून जा. एकीने बोलायचं, दुसरीने तपासायचं. पावती गटाच्या नावाने घ्या, तिच्यावर नंबर लिहून घ्या, आणि ती ठरावाच्या वहीत चिकटवा.

कॅमेरा घरी आल्यावर तो चामडी पिशवीत किंवा कपाटात कोंडू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की सुकवून परत घाला. तांदळात मुळीच ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते.

दाण्याचा फोटो सकाळी लवकर, वारा पडलेला असताना घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. डोंगरासाठी लेन्स एफ ८ वर ठेवा, आणि स्टँडचे तीन पाय जिथे टेकतात तिथे दगडावर रंगाच्या तीन खुणा करा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणीही गेली तरी तीच जागा सापडेल. फोटोच्या नावात आधी तारीख घाला, मग पाड्याचं नाव, मग दाण्याचं किंवा डोंगराचं.