नजरेची आणेवारी आणि ताटाचे माप
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळा कोणतीही असो, पालकसभेत आरोग्याचा विषय निघाला की चार प्रश्न ठरलेले असतात. शाकाहारी मुलाला पुरेशी प्रथिने मिळतात का? दुधात घालायची डब्यातली पूड द्यावी का? मूल बारीक दिसते, ते अशक्त आहे का? आणि दिल्लीत राहणाऱ्यांचा चौथा प्रश्न : या हवेत मुलांनी मैदानावर धावावे की नाही? उत्तरे शेजारी देतात, जाहिराती देतात, सणाला आलेले पाहुणेही देतात. परंतु बहुतेक उत्तरे नजरेने काढलेली असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजून शोधणाऱ्यांमध्ये एक मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होता, आणि त्याच्या कामाची घडण याच दिल्लीत झाली. आजच्या उत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करणे उचित ठरेल.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० साली ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. गावचा अधिकारी शेतावर नजर टाकून पीक किती आणे आहे हे सांगे, आणि त्या आण्यांवरून प्रांताच्या धान्याचा हिशेब मांडला जाई. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने धान्याचा हिशेब चुकला तर काय होते ते साऱ्या देशाला दाखवले. सुखात्मे यांनी नमुना निवडून, ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करण्याची पीककापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत घडवली. परिषदेच्या ज्या सांख्यिकी विभागाची त्यांनी बांधणी केली, त्याचाच विस्तार होऊन आज पुसा परिसरात असलेली भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९५१ मध्ये ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तेथे त्यांना शेताऐवजी ताट मोजायचे होते.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येत असल्याचा इशारा दिला. गरीब देशांतील मुले खुरटतात ती प्रथिनांच्या अभावामुळे, असे तेव्हा सर्वत्र मानले जात होते. माशांच्या पुडीपासून तेलबियांच्या पिठापर्यंत प्रथिनयुक्त पदार्थांच्या योजना निघाल्या. सुखात्मे यांनी भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे पुन्हा तपासले. त्यांना आढळले ते असे की, धान्य आणि डाळ हा भारतीय आहार पोटभर खाल्ला गेला, तर त्यात प्रथिनांची तूट सहसा उरत नाही. तूट असते ती एकूण अन्नाची. उष्मांक कमी पडले की शरीर खाल्लेली प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. त्यामुळे वरवर पाहता प्रथिनांचा अभाव दिसतो, पण त्याचे मूळ रिकाम्या पोटात असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. कुपोषित बालकांना त्यांनी वर्षाहून अधिक काळ रोज सुमारे ३०० उष्मांकांचा पूरक आहार दिला. त्यात प्रथिने अवघी ३ ग्रॅम होती. तरीही त्या मुलांची उंची आणि वजन इतर मुलांपेक्षा अधिक वाढले. १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी या साऱ्या प्रथिन-मोहिमेला मोठा फज्जा म्हटले.

श्रोतेहो, हा जुना वाद आज सांगण्याचे कारण असे की तो घराघरांत अजून संपलेला नाही. म्हणून एका ताटाचा हिशेब येथेच करून पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम आणि मुलीला ३३ ग्रॅम प्रथिने लागतात. उष्मांक लागतात ते मुलाला सुमारे २,२२० आणि मुलीला २,०६०. आता समजा, मुलाने दिवसभरात सहा पोळ्या, दोन वाट्या वरण, थोडा भात आणि पाव लिटर दूध घेतले. पोळ्यांची कणीक १८० ग्रॅम धरली तर तिच्यातून सुमारे १९ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम तूरडाळीतून ११, ५० ग्रॅम तांदळातून ४ आणि दुधातून ८. बेरीज ४२ ग्रॅम होते. धान्य-डाळीतली प्रथिने पूर्णांशाने पचत नाहीत, हे लक्षात घेऊनही गरज भागते. परंतु याच अन्नातले उष्मांक मोजले तर ते जेमतेम १,१०० भरतात, म्हणजे गरजेच्या निम्मे! उरलेले अर्धे भाजी, तेल-तूप, फळे, शेंगदाणे, मधल्या वेळचे खाणे यांतून यायचे असतात. ते आले नाहीत तर मूल उपाशी राहते, आणि घरात मात्र प्रथिनांची चिंता चालू असते.

वरण-भात आणि पोळी-उसळ या जोड्यांमागेही शास्त्र आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी ते धान्यात सापडते. दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. मात्र वरण पातळ पाण्यासारखे असेल तर हा हिशेब कोलमडतो. वाट्या किती हे पाहण्याआधी त्यात डाळ किती हे पाहावे.

आता डब्यातल्या पुडीचा प्रश्न. तिचे उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला छापलेले असते. भारतीय नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. त्या यादीत साखर कितवी आहे, आणि एका चमच्यात प्रत्यक्ष प्रथिने किती ग्रॅम आहेत, हे विद्यार्थ्यांनीच घरी वाचून दाखवावे. शेजारी मूठभर शेंगदाण्यांचे वजन करून ठेवावे. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. आजारपणात वा वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी सांगितलेला पूरक आहार ही गोष्ट निराळी. निरोगी मुलाला मात्र त्या पैशांतून गूळ-शेंगदाणे, अंडे, चणे आणि हंगामी फळ अधिक चांगले देता येते.

तिसरा प्रश्न बारीक दिसणाऱ्या मुलाचा. तो सर्वांत नाजूक आहे, कारण येथे मोठी माणसेही एकमेकांशी झगडली. सुखात्मे यांनी पुढील काळात असे प्रतिपादन केले की प्रत्येक शरीराची गरज दिवसागणिक बदलते, कमी अन्नाशी ते काही मर्यादेत जुळवूनही घेते. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित मोजले, तर उपाशी माणसांची संख्या फुगते. डॉ. गोपालन यांनी याला तीव्र विरोध केला. दिल्लीत १९८० मध्ये त्यांनी न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली होती. शरीर जुळवून घेते, पण त्याची किंमत मोजून : उंची खुंटते, कामाची ताकद घटते. लहान पण निरोगी, या तेव्हा पुढे आलेल्या कल्पनेने गरिबांची उपासमार सोयीस्करपणे झाकली जाईल, हे त्यांचे सांगणे होते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांचेही सुखात्मे यांच्याशी मतभेद झाले. दारिद्र्यरेषा उष्मांकांवरून ठरत असलेल्या देशात हा वाद केवळ ग्रंथांतला नव्हता. रेषा कोठे आखली जाते यावर कोणाला मदत मिळणार हे अवलंबून होते.

पालकांनी या वादातून दोन्ही बाजूंचे शहाणपण घ्यावे. एकाच दिवशी मूल कमी जेवले म्हणून घाबरू नये, कारण भूक दिवसागणिक बदलते. पण वर्षभर उंची-वजनाची रेषा सपाट राहिली तर ‘आमच्या घरात सगळे बारीकच’ असे म्हणून गप्पही बसू नये. शाळेने दर सहा महिन्यांनी उंची व वजन मोजून तक्त्यावर नोंदवावे. शेजारच्या मुलाशी तुलना न करता मुलाची त्याच्याच मागच्या नोंदीशी तुलना करावी. रेषा खाली वळली तर डॉक्टरांकडे जावे.

येथे एक इशारा द्यावा लागतो. पोट भरले म्हणजे सारे भरले, असे मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या, त्याच वयाचे मुलगे ३१.१ टक्के. पाच मुलींपैकी जवळजवळ तीन! ही तूट नजरेला दिसत नाही. मुलगी थकते, अभ्यासात तिचे लक्ष लागत नाही, आणि घरात तिला आळशी ठरवले जाते. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. हे एका साध्या तपासणीत कळते. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घ्यावी, ती दप्तरात पडून राहू नये. पालेभाजी वा उसळीवर लिंबू पिळल्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते अडते. जंत असतील तर खाल्लेले वाया जाते, म्हणून जंतनाशक गोळी आणि हात धुण्याची सवय हाही पोषणाचाच भाग आहे. पोषण ताटात संपत नाही, शुद्ध पाणी आणि स्वच्छता हवीच, हे सुखात्मेही आग्रहाने मांडत.

शेवटचा प्रश्न व्यायामाचा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मराठी घरांना व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. सातारा जिल्ह्यातीलच औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो शाळाशाळांत नेला. परंतु महाराष्ट्रातून आणलेली पहाटेची सवय दिल्लीच्या हिवाळ्यात जशीच्या तशी चालत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात थंड हवा जमिनीलगत साचते आणि पहाटे प्रदूषण सहसा अधिक असते. दुपारी ऊन तापल्यावर हवा थोडी मोकळी होते. म्हणून हवेचा निर्देशांक पाहून निर्णय घ्यावा. तो २०० च्या पुढे ‘खराब’, ३०० च्या पुढे ‘अतिशय खराब’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’ गणला जातो. आकडा चढलेला असेल त्या दिवशी धावणे टाळून घरात सूर्यनमस्कार, जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या कराव्यात. दम्याच्या मुलांनी अधिक जपावे. आकडा उतरेल त्या दिवशी दुपारच्या उन्हात मैदान गाठावे. त्या उन्हाने ड जीवनसत्त्वही मिळते, आणि दिल्लीच्या शाळकरी मुलांत त्याची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळलेली आहे. हवा वाईट म्हणून चार महिने व्यायामच बंद, हा मात्र उपाय नव्हे.

श्रोतेहो, चारही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बाजारात नवे काही शोधण्याआधी घरात जे आहे ते मोजून पाहावे. वरणात डाळ किती, पुडीत साखर किती, तक्त्यावरची रेषा कोणत्या दिशेला, मुलीचे हिमोग्लोबिन किती, आज हवेचा आकडा किती. शेताची आणेवारी नजरेने होऊ नये म्हणून एका मराठी माणसाने याच शहरात अकरा वर्षे खर्ची घातली. घरातल्या मुलाची आणेवारी तरी नजरेवर सोडू नये. आज घरी गेल्यावर प्रत्येक आईने आणि वडिलांनी उद्याचा डबा भरताना एवढेच पाहावे, की तो रिकामा होऊन परत येतो का, आणि तो रिकामा झाल्यावर मुलाचे पोट खरोखर भरलेले असते का.