दाढेतील सिमेंट : काठिण्य आणि जोड



बंधाऱ्याच्या कामावर उभे राहिलेल्या माणसाला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. दगड क्वचितच दगा देतो. पाणी जाते ते जोडातून. भिंत आणि पायाचा खडक जेथे भेटतात तेथे फट राहिली, तर वरचे बांधकाम कितीही भक्कम असो, पावसाळा सरताच बंधारा कोरडा पडतो. किडलेल्या दाढेत भरावयाच्या सिमेंटची परीक्षा याच दोन अंगांनी करावी लागते. चावताना ते झिजू अगर फुटू नये, हे त्याचे काठिण्य. आणि लाळ व जंतू यांना आत वाट मिळणार नाही असे ते दाताशी बसावे, हा त्याचा जोड. ‘भरलेले किती टिकेल?’ असे विचारताना पालकांच्या मनात बहुधा पहिला गुण असतो. पण भरलेल्या दाढेला पुन्हा कीड लागते ती पुष्कळदा फटीतूनच.

अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा परिसरातील लोणी येथे, १९९० पासून ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया जेथे घातला गेला, तेथेच दातांचे महाविद्यालय निघावे, हा योगायोग मोठा बोलका आहे!

दंतशास्त्रात हे दोन्ही गुण मोजण्याच्या ठरलेल्या रीती आहेत. काठिण्यासाठी हिऱ्याचे चौकोनी टोक ठराविक भाराने सिमेंटवर दाबतात आणि उमटलेला ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ठसा जितका लहान, तितका पदार्थ कठीण. जोड पाहण्यासाठी काढलेला दात भरून तो आळीपाळीने ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवितात. थंड सरबत आणि वाफाळता चहा यांचेच हे अनुकरण होय. नंतर दात निळ्या रंगात ठेवून उभा कापतात. रंग किती आत उतरला, ते पाहिले की फटीचा हिशेब मिळतो.

या कसोट्यांवर जुनी-नवी सिमेंटे निरनिराळी उतरतात. झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल यांचे सिमेंट ठणका शमविते, प्रारंभी फटही बऱ्यापैकी बुजविते. पण ते मऊ असते, तात्पुरत्या कामाचे. झिंक फॉस्फेट कठीण, परंतु दाताशी त्याचा रासायनिक संबंध जुळत नाही. लोक जिला ‘चांदी’ म्हणतात ती सिमेंट नव्हे, पाऱ्याची मिश्रधातू होय. ती दणकट खरी, मात्र आपण होऊन चिकटत नाही. शिवाय पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. दाताच्या रंगाचे राळयुक्त कॉम्पोझिट कठीण असते, पण घट्ट होताना किंचित आकसते. त्याला कोरडा दात, प्रकाशाचे यंत्र आणि वीज लागते.

राहिले ग्लास आयनोमर. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ते १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. (विल्सन हे नाव या जिल्ह्याला नवे नाही, भंडारदऱ्याचे धरण विल्सनच्याच नावाचे, पण तो विल्सन मुंबईचा गव्हर्नर.) काचेची पूड आणि आम्लद्रव यांचे हे मिश्रण दाताच्या वरच्या कवचाइतके कठीण मुळीच नसते. परंतु ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जोडले जाते आणि सावकाश फ्लोराइड सोडत राहते. टांझानियात १९८०च्या दशकात यंत्राविना, केवळ हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत निघाली. पुढे तिचा आधार हेच सिमेंट ठरले. १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने त्या पद्धतीचा पुरस्कार केला.

पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांच्या दृष्टीने ही तुलना केवळ प्रयोगशाळेची नाही. ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुलाला दंतवैद्यासमोर बसण्याची संधी एकदाच मिळते. सहाव्या वर्षी येणारी दाढ पालक दुधाची समजतात, आणि ती पडून पुन्हा येईल या भरवशावर किडू देतात. ती पुन्हा येत नाही. अशा दाढेच्या माथ्यावरचा लहान खड्डा ग्लास आयनोमरने चांगला राखता येतो. दोन दातांमध्ये पसरलेल्या कीडीत मात्र तेच सिमेंट लवकर मोडते. तेथे मुलाला रुग्णालयातच पाठवावे.

चांगले सिमेंटही हलगर्जीपणाने वाया जाते. पूड कमी आणि द्रव अधिक झाला की कालविणे सोपे होते, पण काठिण्य घटते. चकाकी गेलेले मिश्रण दाताला धरत नाही. भरल्यावर लगेच लाळ लागली तर पृष्ठभाग बिघडतो, म्हणून त्यावर व्हॅसलीनचा हात फिरवितात आणि तासभर काही चावू देत नाहीत. शिबिरात रांग लांब असते. हा तास मोडतो तो तेथेच. मुलांना खाऊ वाटायचाच असेल तर तो तपासणीपूर्वी वाटावा, आणि नंतर चुळा भरून घ्याव्यात.

ग्रामपंचायतीने शिबिर ठरवावे ते टोळ्या गावी असताना. शिक्षकांनी हजेरीपटाला जोडून एक पान ठेवावे : मुलाचे नाव, भरलेली दाढ, सिमेंटचा प्रकार, तारीख. पुढील वर्षी टोळ्या परतल्या की त्या पानावरून प्रथम हीच मुले बोलवावीत, आणि दंतवैद्याने भरलेल्या दाढेच्या कडा आधी पाहाव्यात.