नदी किती वेळा ओलांडली?

आज मला एक साधा हिशेब मांडायचा आहे. एका शिपायानं एका लढाईत एक नदी किती वेळा ओलांडली, याचा.

तारीख 9 एप्रिल 1945. नदी इटलीतली सेनिओ. दोन्ही काठांवर मातीचे उंच, उभे बांध. दोन्ही बांधांत जर्मन मशीनगनी दबा धरलेल्या, अलीकडे सुरुंग पेरलेले, आणि मध्ये चार-पाच फूट पाणी. त्या पाण्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण उतरली. नामदेव जाधव हे तिच्यातल्या एका कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. वय 23.

पलीकडे पाय ठेवताच गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, त्यांच्या तुकडीतले बाकीचे पडले. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला उचललं. पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांमधून अलीकडे आणलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. इथं थांबले असते, तर कुणी बोट दाखवलं नसतं. ते तिसऱ्यांदा अलीकडचा बांध ओलांडून त्याच्या आतल्या बाजूच्या मशीनगन ठाण्यांवर चालून गेले. म्हणजे जाऊन-येऊन चार वेळा ती नदी, आणि वर हा बांध! शौर्यकथा सांगताना आपण मशीनगनी मोजतो. मला ही पाण्यातली ये-जा मोठी वाटते, कारण ओझं पाठीवर असताना माणसाला वाकून लपताही येत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिलं ठाणं टॉमी गननं गप्प केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि उरलेली दोन ठाणी हातबॉम्बनी उडवली. मग तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. सरकारी नोंदीत त्या गर्जनेचे शब्द दिलेले नाहीत. तुम्हाआम्हाला ते सांगायला नकोत.

त्याच दिवशी, त्याच नदीवर कोहाटकडचे शिपाई अली हैदर यांनीही असाच पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वर्षांनी एकाचा देश हिंदुस्थान झाला, दुसऱ्याचा पाकिस्तान.

इटलीतलं युद्ध त्यानंतर अवघ्या 23 दिवसांत संपलं. नामदेव जाधव घरी परतले. 1984 साली पुण्यात वारले.