हवाई छत्रीची उडी आणि सैनिकाचे पंख

(नांदेड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



राष्ट्रीय छात्रसेनेचे काम मी महाविद्यालयात बरीच वर्षे केले. त्या निमित्ताने नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनेक पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असत. कंधार तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ एके दिवशी असेच आले. त्यांच्या हाती एका खाजगी शिबिराचे रंगीत माहितीपत्रक होते. शुल्क भरावे, विमानातून उडी घ्यावी, प्रमाणपत्र व पंखांचा बिल्ला मिळवावा, असा त्यातील आशय होता. "गुरुजी, लेकरू हट्टाला पेटलंय. सोयाबीनचा पैसा आलाय तो भरून टाकावा म्हणतो. हा बिल्ला मिलिटरीत चालतो ना?" असे त्यांनी विचारले. "पाटील, पैसा तूर्त घरीच ठेवा," असे मी म्हणालो. तेव्हा जे घाईघाईने सांगितले, ते आज आपणांपुढे सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हौस म्हणून अथवा क्रीडाप्रकार म्हणून उडी घेणे यात काहीच गैर नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि तीही पूर्वी सरावाची एकही उडी न घेता. पुढे २००६ साली दक्षिण ध्रुवही त्यांनी गाठला. शासनाने २०११ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हा सन्मान नागरी पराक्रमाचा आहे आणि तो उणा मुळीच नाही. मात्र नागरी उडीचा सन्मान वेगळा आणि सैनिकाच्या छातीवरील पंख वेगळे, हे ध्यानी घेतले पाहिजे.

हा भेद कशामुळे? क्रीडापटू साधारणपणे दहा हजार फुटांवरून किंवा त्याहून अधिक उंचीवरून उडी घेतो. काही काळ मुक्तपणे खाली येतो, मग हाताने छत्री उघडतो आणि चौकोनी छत्री वळवीत हव्या त्या जागी उतरतो. दिवस स्वच्छ असतो, अंगावर शस्त्र नसते. छत्रीसैनिकाची उडी याहून निराळी असते. विमान जमिनीपासून जेमतेम हजार-बाराशे फुटांवरून जात असते. विमानाला अडकविलेल्या पट्ट्याने छत्री आपोआप उघडते. जवान एकापाठोपाठ एक उड्या घेतात. सोबत शस्त्र आणि सामानाचे ओझे असते, आणि पुष्कळदा रात्र असते. उतरल्यानंतर टाळ्या नसतात. तेथून लढाईला आरंभ होतो.

११ डिसेंबर १९७१ रोजी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे आपली मराठा परंपरेची पलटण, बांगलादेशातील टांगाईलजवळ अशीच उतरली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू हे तिचे नेतृत्व करीत होते. दूरवर पांगलेले जवान एकत्र आले, त्यांनी पुंगली येथील पूल ताब्यात घेतला आणि १६ डिसेंबरला हीच पलटण ढाक्यात शिरली. सैनिकी पंखांचे मोल या कामाशी जोडलेले आहे. म्हणून ते पंख सैनिकी अभ्यासक्रमातूनच मिळतात. आपल्याकडे हे शिक्षण आग्रा येथील वायुसेनेच्या छत्रीसैनिक प्रशिक्षण विद्यालयात दिले जाते. तेथे पाच उड्या पूर्ण कराव्या लागतात व त्यांतील एक रात्रीची असते. अमेरिकेच्या भूसेनेतही पाच उड्यांचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरच पहिला बिल्ला मिळतो. वरच्या श्रेणीसाठी तर युद्धसामग्रीसह आणि रात्रीच्या किती उड्या हव्यात, हेही ठरलेले आहे.

क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. २०११ साली त्यांना प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नल हे मानद पद मिळाले. परंतु पंख मात्र मानद मिळाले नाहीत. त्यांसाठी २०१५ साली त्यांना आग्र्यास जाऊन पाच उड्या घ्याव्या लागल्या. लोकप्रियतेनेही जे सुटत नाही, ते शुल्काने कसे सुटावे?

तर मग आपल्या मुलांसाठी मार्ग कोणता? तो आपल्या जिल्ह्यातच आहे. नांदेड येथे ५२ व लातूर येथे ५३ महाराष्ट्र बटालियन, राष्ट्रीय छात्रसेना, कार्यरत आहेत. निवडक छात्रांना, मुलांना तसेच मुलींनाही, छात्रसेनेमार्फत आग्र्याच्या शिबिरासाठी पाठविले जाते. तेथे मिळालेले चिन्ह छात्राच्या गणवेशावर शोभते. त्यामुळे तो पॅराशूट रेजिमेंटचा जवान ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या रेजिमेंटमध्ये परिवीक्षेची कठोर कसोटी प्रत्येकालाच द्यावी लागते.

परंतु छात्रसेनेच्या 'सी' प्रमाणपत्राचे महत्त्व भरतीत प्रत्यक्ष आहे. किमान 'बी' श्रेणीचे हे प्रमाणपत्र आणि पदवीला ५० टक्के गुण असलेल्या, १९ ते २५ वर्षे वयाच्या तरुणास विशेष प्रवेश योजनेखाली लेखी परीक्षेविना अधिकारीपदासाठी सेवा निवड मंडळासमोर जाता येते. जवानांच्या भरतीतही छात्रसेनेच्या प्रमाणपत्रांना जादा गुण आहेत. शरीर, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत यांतून मात्र कोणालाही सूट नाही.

आणखी एक इशारा. सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असे लोकांस वाटावे या हेतूने सैनिकाचा पेहराव किंवा चिन्ह धारण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाजारात बिल्ला सहज मिळतो. तो मिरविणाऱ्या अजाण मुलाला हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून माझी विनंती अशी की, शिक्षकांनी आठवी-नववीतच मुलांना छात्रसेनेची माहिती द्यावी. सरपंचांनी भरतीच्या अधिकृत सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. आणि कोणी पालक असे माहितीपत्रक घेऊन आला, तर पैसे भरण्यापूर्वी त्यास जवळच्या छात्रसेना कार्यालयात किंवा सैन्य भरती कार्यालयात चौकशी करण्यास सांगावे.

ते कंधारचे गृहस्थ त्या दिवशी पैसे घेऊन परत गेले. त्यांचा मुलगा महाविद्यालयात छात्रसेनेत दाखल झाला आणि पहाटे धावू लागला. त्याला पंख मिळतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण मिळाले तर ते त्याचे स्वतःचे असतील, आणि बापाचे शेत त्यासाठी गहाण पडलेले नसेल.

जय हिंद.